प्रोजेक्ट आणि सोल्यूशन फाइली गिटमध्ये हव्यातच. पण नेमकं काय आत आणि काय बाहेर?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सध्या ज्या टीमसोबत काम करतोय तिथे फार जुना नियम आहे. .सीएस (सीशार्प कोडच्या) फाइली गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, टाकायच्या; .एसएलएन (सोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टांचा गट) आणि .सीएसप्रोज (प्रोजेक्ट, म्हणजे बिल्ड कसा करायचा ते) मात्र ज्याने त्याने आपापल्या मशीनवर ठेवायच्या. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "त्यात सारखे कॉन्फ्लिक्ट येतात, आणि प्रत्येकाचे पाथ वेगळे असतात." (कॉन्फ्लिक्ट म्हणजे दोघांचे बदल एकत्र, म्हणजे मर्ज, करताना ते एकाच जागी आदळणं.) नवीन मुलगा-मुलगी जॉइन झाली की शेजारच्याच्या मशीनवरून फोल्डर कॉपी करून घेते. त्या कॉपीत कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती आहे, कुठले कंपायलेशन सिम्बॉल चालू आहेत, हे ज्याच्याकडून फोल्डर घेतलं त्याच्यावर अवलंबून.

माझं ठाम मत आहे की हा नियम मोडायला हवा. .सीएसप्रोज ही आयडीईची (कोड लिहायच्या प्रोग्रॅमची) खासगी वही नाही, ती सोर्स फाइल आहे. एकच उदाहरण देतो. सीशार्पमध्ये दोन इंट मिळवले आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली तर काय होतं? प्रोजेक्ट फाइलमध्ये 'चेकफॉरओव्हरफ्लोअंडरफ्लो' चालू असेल तर एक्सेप्शन येतं. बंद असेल (मुळात ते बंदच असतं) तर आकडा गुपचूप उलटा फिरून ऋण होतो आणि पुढचा हिशेब त्यावर चालू राहतो. म्हणजे .सीएस फाइल अक्षरशः तीच, पण दोन मशीनवर दोन वेगळे प्रोग्रॅम. आमच्यासारख्या बिलिंगच्या कामात हे किती घातक आहे हे वेगळं सांगायला नको. टार्गेट फ्रेमवर्क, भाषेची आवृत्ती, नलेबल, एम्बेडेड रिसोर्स, पॅकेजच्या आवृत्त्या... हे सगळं तिथेच ठरतं.

दुसरं कारण इतिहासाचं. गेल्या वर्षीचा एखादा कमिट उघडून "हा बग तेव्हा होता का?" असं बघायचं असेल, गिट बायसेक्ट (बग कुठल्या कमिटने आला ते शोधणारी कमांड) चालवायचं असेल, तर त्या दिवशीची प्रोजेक्ट फाइल त्याच कमिटमध्ये हवी. नाहीतर जुन्या कोडवर आजच्या पॅकेज आवृत्त्या बसतात, बिल्ड मोडतो, आणि बायसेक्टला काही अर्थ उरत नाही.

आत-बाहेर ठरवायला मी दोन प्रश्न विचारतो. ही फाइल काढून टाकली तर दुसऱ्याच्या कोऱ्या मशीनवर तोच बिल्ड निघेल का? नसेल निघत तर ती आत. आणि आत जे आहे त्यावरून साधन ही फाइल स्वतःच पुन्हा तयार करू शकतं का? करत असेल तर ती बाहेर.

या हिशेबाने .एसएलएन, .सीएसप्रोज, डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स, ग्लोबल.जेसन, न्यूगेट.कॉन्फिग हे सगळं आत. बिन आणि ओबीजे (बिल्डमधून निघालेली फोल्डरं) बाहेर. .एसयूओ बाहेर, कारण त्यात कुठल्या फाइली उघड्या होत्या, ब्रेकपॉइंट कुठे होते असलं त्या माणसाचं सामान असतं आणि ते बायनरी असल्यामुळे मर्जही होत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ते .व्हीएस फोल्डरमध्ये गेलं, त्याआधी .एसएलएनच्या शेजारीच लपलेलं असायचं, म्हणून जुन्या रेपोंमध्ये (गिटमधल्या कोडसाठ्यांमध्ये) ते हटकून सापडतं. .यूजर फाइलही बाहेर.

अडतंय ते इथे: न्यूगेटचं (.नेटच्या पॅकेज मॅनेजरचं) जुनं पॅकेजेस फोल्डर, लाँचसेटिंग्ज.जेसन (प्रोजेक्ट आपल्या मशीनवर कसा चालू करायचा ते सांगणारी फाइल), आणि एक व्हीबी सिक्सचं मॉड्यूल जे अजून चालू आहे आणि ज्याच्या फाइलींबद्दल टीममध्ये कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. शिवाय कॉन्फ्लिक्टच्या तक्रारीवर ठोस उत्तर हवं आहे. "सवय होईल" एवढं सांगून टीम मानणार नाही.

---

पुदिना

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या इथेही हाच वाद चालू आहे. वाचतेय.

---

जुनाजाणता

कोयनाकाठ, तुमच्या टीमचा नियम कुठून आला असेल याचा अंदाज आहे. सोर्ससेफच्या (मायक्रोसॉफ्टच्या गिटआधीच्या साधनाच्या) काळात फाइल चेक-आउट केली की तिला कुलूप लागायचं. नवीन फॉर्म जोडायचा तर .व्हीबीपी (व्हीबी सिक्सची प्रोजेक्ट फाइल) चेक-आउट करावी लागे, आणि एकाने ती घेतली की बाकीचे खोळंबले. तो माणूस चेक-इन न करता गणपतीला गावी गेला तर सगळी टीम ॲडमिनच्या मागे, "कुलूप तोड" म्हणून. तेव्हा पुष्कळ टीमांनी प्रोजेक्ट फाइल बाहेर काढली ती त्यामुळे. त्या कुलपामागचं कारण गिटमध्ये उरलेलंच नाही. नियम मात्र माणसांबरोबर एका टीममधून दुसरीकडे जात राहिला.

आता तुमचं व्हीबी सिक्स. हे नीट सांगतो, कारण याची माहिती असलेली माणसं कमी होत चालली आहेत.

.व्हीबीपी आत. .व्हीबीजी म्हणजे प्रोजेक्टचा गट, तोही आत. .व्हीबीडब्ल्यू बाहेर, त्यात फक्त खिडक्या कुठे उघड्या होत्या एवढंच असतं. .एफआरएमसोबत (फॉर्मची फाइल) .एफआरएक्स आलीच पाहिजे. फॉर्मवरची चित्रं, आयकॉन, लिस्टबॉक्समध्ये डिझाइनच्या वेळी भरलेल्या नोंदी त्यात असतात. बायनरी आहे म्हणून तिला गाळणारे पाहिले आहेत. मग दुसऱ्या मशीनवर फॉर्म उघडताना लॉग फाइल तयार होते आणि चित्रं गायब.

सर्वात महत्त्वाचं: तुमचं मॉड्यूल ॲक्टिव्हएक्स डीएलएल असेल आणि प्रोजेक्टमध्ये बायनरी कम्पॅटिबिलिटी (नवा बिल्ड जुन्या क्लायंटशी जुळता ठेवणारी सेटिंग) लावली असेल, तर ज्या डीएलएलशी तुलना होते ती डीएलएलसुद्धा रेपोमध्ये ठेवा. हो, कंपाइल झालेली फाइल. व्हीबी त्या डीएलएलमधून क्लासचे आणि इंटरफेसचे जीयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) उचलतं. ती हरवली की पुढच्या बिल्डला नवे जीयूआयडी तयार होतात, आणि त्या डीएलएलवर विसंबलेला प्रत्येक जुना क्लायंट "ॲक्टिव्हएक्स कॉम्पोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट" म्हणून थांबतो. तुमचा दुसरा प्रश्न इथे लावून बघा: साधन ती पुन्हा तशीच तयार करू शकत नाही, म्हणून आत. वेगळ्या 'कम्पॅट' फोल्डरमध्ये ठेवा आणि आउटपुटचा पाथ दुसरा द्या, म्हणजे रोजच्या बिल्डने ती बदलणार नाही.

गिटमध्ये आणताना आधी .गिटॲट्रिब्यूट्स (कुठली फाइल कशी हाताळायची ते गिटला सांगणारी फाइल) लिहा. .व्हीबीपी, .एफआरएम, .बीएएस, .सीएलएस यांना ओळीचा शेवट सीआरएलएफच (विंडोजची पद्धत) ठेवायला सांगा आणि .एफआरएक्सला बायनरी म्हणा. फक्त एलएफ असलेली .सीएलएस फाइल व्हीबी सिक्सला क्लास म्हणून ओळखता येत नाही, ती साधं मॉड्यूल म्हणून उघडते आणि वरच्या ॲट्रिब्यूटच्या ओळी कोडमध्ये दिसू लागतात. दिवस जातो शोधण्यात.

आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये 'अपग्रेड ॲक्टिव्हएक्स कंट्रोल्स' ही खूण काढून ठेवा. नाहीतर ज्याच्या मशीनवर नवी ओसीएक्स (कंट्रोलची फाइल) आहे त्याने प्रोजेक्ट नुसता उघडून सेव्ह केला तरी .व्हीबीपीत कंट्रोलची आवृत्ती बदलते आणि बाकीच्यांकडे उघडेनासा होतो.

---

स्वरदा_पी

जुनाजाणता, डीएलएलचा मुद्दा अगदी बरोबर.

कॉन्फ्लिक्टबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडे मोठं सोल्यूशन आहे आणि हे रोजचं काम आहे.

जुन्या पद्धतीच्या .सीएसप्रोजमध्ये प्रत्येक फाइलची एक 'कंपाइल इन्क्लूड' ओळ असते. दोघांनी दोन वेगळ्या ब्रँचवर एकेक क्लास जोडला की दोघांच्या ओळी एकाच ठिकाणी येतात आणि मर्ज अडतं. हा कोडमधला वाद नाही. दोन्ही ओळी ठेवायच्या असतात, पण गिटला ते कळत नाही. २०१७ च्या व्हिज्युअल स्टुडिओबरोबर एसडीके-स्टाइल प्रोजेक्ट आले आणि हा बहुतेक त्रास संपला. फोल्डरमधल्या सगळ्या .सीएस फाइली आपोआप धरल्या जातात, नवीन क्लास जोडला तर प्रोजेक्ट फाइल बदलतच नाही. पॅकेजेसही पॅकेजरेफरन्स म्हणून त्याच फाइलमध्ये, ती पॅकेजेस.कॉन्फिग वेगळी नाही, हिंटपाथच्या ओळी नाहीत. दोनशे ओळींची फाइल पंधरा-वीस ओळींवर येते. अशी फाइल माणूस वाचू शकतो, आणि वाचता आली की रिव्ह्यूमध्ये तिच्याकडे लक्षही जातं. माझ्या मते खरा फायदा तो आहे.

पॅकेजेसच्या आवृत्त्यांसाठी डिरेक्टरी.पॅकेजेस.प्रॉप्स वापरा. सगळ्या आवृत्त्या एका जागी, प्रोजेक्टमध्ये फक्त नाव. मग एकाच लायब्ररीच्या तीन आवृत्त्या तीन प्रोजेक्टमध्ये असा घोळ होत नाही.

.एसएलएनचं दुखणं वेगळं आहे. तिथे प्रत्येक प्रोजेक्टसाठी प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या दोन ओळी लागतात. डीबग-रिलीज आणि एनी सीपीयू एवढंच असेल तर प्रोजेक्टमागे चार ओळी. कोणी एक्स६४ आणि एक्स८६ वाढवले की त्या बारा होतात. चाळीस प्रोजेक्ट असतील तर चारशेऐंशी ओळी, आणि त्यातलं कोणी काही वाचत नाही. तुम्हाला एक्स८६ लागत नसेल तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून काढून टाका. कॉन्फ्लिक्ट कमी होतात.

तरीही .एसएलएनमध्ये कॉन्फ्लिक्ट आलाच तर हाताने ओळी जुळवत बसू नका. मुख्य ब्रँचची फाइल जशीच्या तशी घ्या आणि आपला नवीन प्रोजेक्ट 'डॉटनेट एसएलएन ॲड' कमांडने परत जोडा. मिनिटभराचं काम आहे आणि फाइल मोडत नाही.

---

दख्खनराणी

यावर सोपा उपाय आहे ना? .गिटॲट्रिब्यूट्समध्ये .एसएलएन आणि .सीएसप्रोजला 'मर्ज=युनियन' लावा, दोन्ही बाजूंच्या ओळी राहतात, कॉन्फ्लिक्ट येतच नाही.

---

स्वरदा_पी

दख्खनराणी, .एसएलएनला तरी ते नका लावू, कळकळीने सांगते. युनियन ओळीओळीने काम करतं, त्याला रचना समजत नाही. .एसएलएनमध्ये 'प्रोजेक्ट' आणि 'एंडप्रोजेक्ट' अशा जोड्या असतात आणि 'एंडप्रोजेक्ट'ची ओळ सगळीकडे सारखीच. मर्जनंतर कधीकधी दोन 'प्रोजेक्ट' ओळींखाली एकच 'एंडप्रोजेक्ट' उरतं. कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, कमिट होतो, आणि मोडलेलं सोल्यूशन सगळ्यांकडे पोचतं. कॉन्फ्लिक्ट दिसलेला बरा. तिथे निदान माणूस थांबून बघतो.

---

कोयनाकाठ

स्वरदाताई, जुनाजाणता काका, खूप आभार. हेच हवं होतं.

आमचे निम्मे प्रोजेक्ट .नेट फ्रेमवर्क ४.८ वर आहेत. ते एसडीके-स्टाइलमध्ये येतात का?

---

स्वरदा_पी

क्लास लायब्ररी, कन्सोल, विनफॉर्म्स येतात. टार्गेट फ्रेमवर्क नेट४८ लिहायचं, फ्रेमवर्क बदलावं लागत नाही. जुने एएसपी डॉट नेट वेब प्रोजेक्ट, म्हणजे सिस्टिम.वेबवाले, त्यांना हात लावू नका. त्यांना अधिकृत आधार नाही. लायब्ररी आधी करा, कॉन्फ्लिक्ट बहुतेक तिथेच येत असतात.

एक काळजी घ्या: एसडीके-स्टाइल फोल्डरमधलं सगळं उचलतं. जुन्या प्रोजेक्टमधून 'एक्सक्लूड' केलेल्या पण डिस्कवर राहिलेल्या .सीएस फाइली अचानक कंपाइल होऊ लागतात. बदलण्याआधी त्या खरोखर काढून टाका. गिटच्या इतिहासात त्या राहतातच.

---

वासोटा

मला मूळ मुद्द्याशी थोडं भांडायचं आहे. "सोल्यूशन फाइल आत असलीच पाहिजे" हे सरसकट खरं नाही.

मी युनिटीत (गेम बनवायच्या इंजिनात) काम करतो. तिथे .एसएलएन आणि .सीएसप्रोज युनिटी स्वतः तयार करतं, एडिटर उघडला की पुन्हा लिहितं. त्या कमिट केल्या तर प्रत्येकाच्या मशीनवरचे एडिटरचे पाथ त्यात येतात आणि दर पुलला फरक दिसतो. गिटहबवर युनिटीसाठी जी तयार .गिटइग्नोर (कुठल्या फाइली गाळायच्या त्याची यादी) मिळते तिच्यात या दोन्ही गाळलेल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. युनिटीत खरी प्रोजेक्ट फाइल म्हणजे 'प्रोजेक्टसेटिंग्ज' फोल्डर आणि 'पॅकेजेस'मधली मॅनिफेस्ट.जेसन. एडिटरची कुठली आवृत्ती हवी तेही प्रोजेक्टसेटिंग्जमध्येच लिहिलेलं असतं.

आणि .मेटा फाइली! प्रत्येक ॲसेटच्या शेजारी एक .मेटा असते, तिच्यात त्या ॲसेटचा जीयूआयडी. सीन आणि प्रीफॅब एकमेकांना नावाने नाही, त्या जीयूआयडीने ओळखतात. कोणी चित्र कमिट केलं आणि .मेटा विसरला, तर दुसऱ्याच्या मशीनवर युनिटी नवा जीयूआयडी बनवतं आणि सीनमधले दुवे तुटतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्याच दिवशी हे शिकवतो.

सीमेकचंही (सी प्लस प्लसच्या बिल्ड साधनाचंही) तसंच. सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी आणि सीमेकप्रीसेट्स.जेसन आत, सीमेकयूजरप्रीसेट्स.जेसन बाहेर, आणि त्यातून निघालेलं .एसएलएन बिल्ड फोल्डरसकट बाहेर.

---

कोयनाकाठ

वासोटा, हे भांडण वाटतच नाही. माझ्या दुसऱ्या प्रश्नात ते बसतं: साधन स्वतः तयार करतंय, म्हणून बाहेर. पण शीर्षकात मी सरसकट लिहिलंय हे खरं. "ज्या फाइलमधून बिल्डची व्याख्या होते ती आत" असं म्हणणं जास्त नेमकं. कुठे ती .सीएसप्रोज असते, कुठे सीमेकलिस्ट्स.

---

उंबरठा

सी प्लस प्लसवाल्यांसाठी भर: .व्हीसीएक्सप्रोज आणि .व्हीसीएक्सप्रोज.फिल्टर्स दोन्ही आत, .व्हीसीएक्सप्रोज.यूजर बाहेर. फिल्टर्स गाळली तरी बिल्ड होतो, म्हणून कोयनाकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाने ती बाहेर गेली असती. पण सोल्यूशन एक्सप्लोररमधली सगळी रचना तिच्यात असते. ती नसली की शेकडो फाइली एका सपाट यादीत येतात. ती रचना टीममधल्या कोणीतरी विचार करून लावलेली असते, आणि साधन ती परत बनवू शकत नाही. तेव्हा दोन्ही प्रश्न एकत्रच विचारायला हवेत.

---

म्युनिकवारी

ॲपलच्या एक्सकोडमध्ये आमचं रोजचं दुखणं प्रोजेक्ट.पीबीएक्सप्रोज. प्रत्येक फाइलला चोवीस अक्षरांचा आयडी आणि तो फाइलभर चार-चार ठिकाणी. फाइल आतच लागते, दुसरा मार्ग नाही. एक्सकोड १६ मध्ये फोल्डर थेट डिस्कशी जोडलेले ठेवता येतात, मग प्रत्येक फाइलची नोंद होत नाही. स्वरदा_पी यांनी सांगितलेल्या एसडीके-स्टाइलसारखाच परिणाम. त्याआधी काही टीम एक्सकोडजेन किंवा टुइस्टने ही फाइल तयार करून घ्यायच्या आणि गिटबाहेर ठेवायच्या, अजूनही ठेवतात.

एक्ससीयूजरडेटा बाहेर, एक्ससीशेअर्डडेटा आत. स्कीम बनवताना 'शेअर्ड' खूण केली नाही तर ती यूजरडेटामध्ये पडते आणि सहकाऱ्याला मिळत नाही. इथे जर्मनीत आमच्या टीममध्ये नवीन माणसाचा पहिला प्रश्न हटकून हाच असतो: "तुमच्याकडे दिसणारी स्कीम माझ्याकडे का नाही?"

अँड्रॉइडवाल्यांनो, ग्रेडल रॅपर त्याच्या जार फाइलसकट आत ठेवा आणि लोकल.प्रॉपर्टीज बाहेर.

---

पुदिना

गिटहबवरची व्हिज्युअल स्टुडिओची .गिटइग्नोर उचलली की काम झालं ना? 'डॉटनेट न्यू गिटइग्नोर' कमांडनेही तयार फाइल मिळते.

---

उंबरठा

पुदिना, सुरुवात तिथूनच करा, पण एकदा वाचून घ्या. त्यात 'लॉग' आणि 'लॉग्ज' नावाची फोल्डरं गाळलेली आहेत, 'रिलीज' आणि 'रिलीजेस' सुद्धा. तुमच्या कोडमध्ये 'लॉग्ज' नावाचं फोल्डर असेल आणि त्यात लॉगिंगचे क्लास असतील, तर ते कमिटच होत नाहीत. तुमच्या मशीनवर बिल्ड उत्तम चालतो. एखादी फाइल का गाळली जातेय हे कळायला 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे फाइलचं नाव द्या. कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीने ती गाळली ते दाखवतं.

उलटंही लक्षात घ्या. आधीच कमिट झालेल्या फाइलींवर .गिटइग्नोरचा परिणाम होत नाही. .व्हीएस फोल्डर एकदा आत गेलं असेल तर 'गिट आरएम -आर --कॅश्ड' करून ते बाहेर काढावं लागतं. डिस्कवरची फाइल तशीच राहते.

---

इंद्रायणीतीर

लाँचसेटिंग्जचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो. सुरक्षेच्या बाजूने बघतो.

लाँचसेटिंग्ज.जेसन आत ठेवा. पोर्ट, एन्व्हायर्नमेंटचं नाव, प्रोफाइल हे टीमचं सामायिक असतं. पण त्यातल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये कनेक्शन स्ट्रिंग, पासवर्ड, एपीआय की लिहिलेली दिसली तर रिव्ह्यू तिथेच थांबवा. त्यासाठी यूजर सीक्रेट्स आहेत. प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त एक ओळख क्रमांक येतो, खरी गुपितं त्या माणसाच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये राहतात. तिथे ती एन्क्रिप्ट केलेली नसतात, त्यामुळे ही सोय फक्त डेव्हलपमेंटपुरती. सर्व्हरवर वेगळी व्यवस्था हवी.

.पबएक्सएमएल म्हणजे पब्लिश प्रोफाइल, ती आत चालते. .पबएक्सएमएल.यूजर अजिबात नको, पब्लिशचा पासवर्ड तिथे साठवलेला असतो.

आणि गुपित एकदा पुश झालं असेल तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसणं पुरेसं नाही. इतिहासात ती आहे, ज्यांनी क्लोन केलं त्यांच्याकडे आहे. आधी पासवर्ड बदला. इतिहास साफ करायचा की नाही हा नंतरचा प्रश्न. क्रम उलटा करू नका.

---

दख्खनराणी

"प्रत्येकाचे पाथ वेगळे" या तक्रारीचं काय? आमच्याकडे एकजण डी ड्राइव्हवर काम करतो, दुसऱ्याचं सामायिक लायब्ररीचं फोल्डर तिसरीकडेच.

---

स्वरदा_पी

प्रोजेक्ट फाइलमध्ये पूर्ण पाथ दिसला, "सी ड्राइव्ह, यूजर्स, अमुक तमुक" असा, तर ती फाइल दुरुस्त करायची. ती लपवून प्रश्न सुटत नाही. बाहेरच्या डीएलएल रेपोमध्येच 'लिब' फोल्डरमध्ये ठेवा आणि पाथ सापेक्ष द्या, किंवा न्यूगेट पॅकेज करा. सोल्यूशन रेपोच्या मुळाबाहेरच्या प्रोजेक्टकडे बोट दाखवत असेल तर ते सर्वात वाईट. शेजारचा रेपो नेमका कुठे क्लोन केला यावर बिल्ड अवलंबून राहतो. ती सामायिक लायब्ररी अंतर्गत न्यूगेट फीडवर टाका, किंवा दोन्ही रेपो एकत्र करा. सबमॉड्यूलही चालतं, पण ते शिस्तीने वापरणारी टीम हवी.

आणि एखाद्याला खरंच स्वतःपुरतं काही बदलायचं असेल तर .सीएसप्रोज.यूजर फाइल त्यासाठीच आहे. एमएसबिल्ड (बिल्ड करणारं साधन) ती आपोआप वाचतं. तिच्यात आपली प्रॉपर्टी लिहायची, ती गिटबाहेर राहते, सामायिक फाइल स्वच्छ राहते. ही सोय लोकांना माहीत नसते म्हणून ते मूळ फाइल बदलतात आणि मग "कमिट नको" म्हणतात.

---

जुनाजाणता

पॅकेजेस.कॉन्फिगवालं पॅकेजेस फोल्डर राहिलं. ते बाहेर, न्यूगेट रिस्टोअर ते परत आणतं. अपवाद एकच: ज्या ठिकाणी बिल्ड मशीनला इंटरनेटच नाही. तिथे आतल्या सर्व्हरवर फीड ठेवा, अगदी सामायिक फोल्डरचंही फीड चालतं. फोल्डर कमिट करणं हा शेवटचा उपाय, कारण बायनरींनी रेपो फुगतो आणि तो पुन्हा हलका होत नाही.

तुमच्या रेपोचा मूळ पुरुष टीएफएस (मायक्रोसॉफ्टचा टीम फाउंडेशन सर्व्हर) असेल तर अजून एक साफसफाई करा. .व्हीएसएसएससीसी आणि .व्हीएसपीएससीसी फाइली, .सीएसप्रोजमधल्या एससीसी नावाने सुरू होणाऱ्या चार ओळी, आणि .एसएलएनमधला टीम फाउंडेशन व्हर्जन कंट्रोलचा विभाग. गिटमध्ये यांचा उपयोग शून्य. एका वेगळ्या कमिटमध्ये काढा, म्हणजे दुसऱ्या बदलांत मिसळणार नाही.

---

वासोटा

कोयनाकाठ, तुमची "कोऱ्या मशीनवर बिल्ड" ही कसोटी लोक आपल्याच मशीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये क्लोन करून घेतात. ती फसवी आहे. न्यूगेटचा कॅश तुमच्या यूजर प्रोफाइलमध्ये असतो, त्यामुळे फीडवरून काढून टाकलेलं पॅकेजही सापडतं. जीएसीमध्ये (विंडोजच्या सामायिक साठ्यात) बसवलेल्या असेम्ब्ली असतात, रजिस्टर केलेली कॉम डीएलएल असते. निदान 'डॉटनेट न्यूगेट लोकल्स ऑल --क्लिअर' करून मग बिल्ड करा. खरी खात्री बिल्ड सर्व्हरवर, जिथे कोणी हाताने काही बसवलेलं नाही.

बिल्ड एजंट लिनक्सवर असेल तर अजून एक गोष्ट बाहेर येते: अक्षरांचा केस. प्रोजेक्ट रेफरन्समध्ये फोल्डरचं नाव लहान अक्षरात आणि डिस्कवर मोठ्या अक्षरात असेल तर विंडोजवर चालतं, लिनक्सवर "फाइल सापडली नाही".

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टीमपुढे असा प्रस्ताव ठेवतोय. प्रत्येकाच्या मशीनवरच्या प्रोजेक्ट फाइली गोळा करायच्या, एकमेकांशी ताडून बघायच्या, जिथे फरक आहे तिथे चर्चा करून एक ठरवायचं आणि ते कमिट करायचं. ओव्हरफ्लोच्या सेटिंगपासून सुरुवात करणार, कारण तिथे फरक निघाला तर कोणालाच वाद घालता येणार नाही. मग लायब्ररी एकेक करून एसडीके-स्टाइल. यापुढे प्रोजेक्ट फाइलमधला बदल रिव्ह्यूशिवाय मर्ज करायचा नाही.

शेवटचा प्रश्न: नव्याने .एसएलएन कमिट करायचीच आहे तर थेट .एसएलएनएक्सवर (.एसएलएनच्या नव्या रूपावर) जावं का?

---

स्वरदा_पी

सगळ्यांची साधनं नवी असतील तर नक्की जा. साधं एक्सएमएल आहे, प्रोजेक्टमागे बहुधा एक ओळ, जीयूआयडी नाहीत, त्या बारा-बारा ओळी नाहीत. मर्ज करताना डोळ्यांनी वाचून कळतं. .नेट एसडीके ९.०.२०० पासून 'डॉटनेट एसएलएन मायग्रेट' कमांड आहे, आणि .नेट १० मध्ये नवीन सोल्यूशन मुळातच या रूपात तयार होतं. तुमच्या टीममध्ये कोणी व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ वर असेल तर मात्र थांबा, त्याला ही फाइल उघडता येणार नाही. बिल्ड सर्व्हरवरची आवृत्तीही तपासा, तिथे हमखास जुनं काहीतरी असतं.

मायग्रेट केल्यावर जुनी .एसएलएन त्याच कमिटमध्ये काढा. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहिल्या तर नुसतं 'डॉटनेट बिल्ड' म्हटल्यावर कुठली वापरू म्हणून एरर येते, आणि पुढचा नवीन प्रोजेक्ट कोणीतरी जुन्या फाइलमध्येच जोडतो. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये .एसएलएनचं नाव लिहिलेलं असेल तर तेही त्याच वेळी बदला.